तळाचा पत्रा

प्रिय ठिणगे,

पाकिटावर माझं अक्षर पाहून दचकू नकोस, घरी सगळे धडधाकट आहेत. आई काकांशी पत्त्यांत हरते आणि पत्तेच खराब आहेत म्हणते. फोन करणार होतो, पण फोनवर मी हवापाणी आणि जेवणखाण यापलीकडे जात नाही, हे तुला ठाऊक आहे. कागदावर पळायला जागा कमी.

होडी विकायला काढली होती. अ‍ॅल्युमिनियमची, हलकी, त्यामुळे गिऱ्हाईकही लगेच मिळालं. तू ती तुझ्या उस्तादच्या वर्कशॉपमध्ये जोडत होतीस, तेव्हा मी रोज नाक खुपसायला यायचो. मधोमध सुकाणूचं टेबल पाहून म्हणालो होतो, हे काय दुकान मांडलंय, मी मासे धरू की गल्ल्यावर बसू? तोंडावरची वेल्डिंगची काच वर न करताच तू हसलीस. मग पहिल्याच दिवशी गळाला लागलेला मासा होडीभोवती गरगर फिरला, मीही टेबलाभोवती मोकळा फिरलो, दोरा कुठे अडकला नाही. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला, पण तुला शाबासकी द्यायची राहिली ती राहिलीच. त्याआधी, जोडकाम चालू असतानाच, माझा तांब्याचा पेलाही तू होडीतून हाकलून दिलास. तांब्याचं आणि अ‍ॅल्युमिनियमचं ओलाव्यात पटत नाही, तांबं पत्रा खाऊन टाकतं म्हणालीस. मी म्हटलं, म्हणजे सासू-सून! धक्क्यावर हा विनोद मी सगळ्यांना ऐकवला.

आणि त्याच धक्क्यावर मी ते दुसरं बोललो. तलावाच्या मध्यावर होडीत पाणी भरायला लागलं, पाहुण्यांचे बूट भिजले, आम्ही डब्यांनी पाणी उपसत कसेबसे परतलो. तू दोर धरायला धावत आली होतीस. मी घाबरलो होतो, पण घाबरलो म्हणायची लाज वाटली, म्हणून ओरडलो, "पोरीचं वेल्डिंग, गळणारच!" सगळे हसले. तू एवढंच म्हणालीस, की तळात पाणी भरून मी तपासलं होतं बाबा, थेंब बाहेर आला नव्हता. मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. दोर नीट बांधून तू घरी गेलीस, आणि पुढच्याच आठवड्यात काम सोडून त्या शहरात तिकिटांच्या खिडकीत जाऊन बसलीस. आई म्हणते, पोरीने हत्यारं माळ्यावर टाकली ती तुमच्या जिभेमुळे. मी म्हणायचो, होईल सवय.

गिऱ्हाइकाला गळकी होडी कशी द्यायची, म्हणून आज ती उस्तादकडे नेली. त्यांनी टेबल सोडवलं, खालची फळी उचलली आणि बॅटरी लावून तुझा एकेक जोड बोटाने चाचपला. सगळे शाबूत. भोक जोडावर नव्हतंच. ते सपाट पत्र्यात होतं, आजूबाजूला पांढरी भुकटी, आणि तिथेच एक हिरवट नाणं चिकटलेलं. तांब्याचं. उस्ताद म्हणाले, कुण्या पाहुण्याच्या खिशातून पडलं असणार. मी मान डोलावली. डोलावली गं, तुझ्या बापाने! फाटकापर्यंत गेलोसुद्धा. पण पाय पुढे पडेनात, तोंडावर थुंकावं कुणीतरी असं वाटलं.

ते नाणं माझं होतं. माझ्या आईने मला पहिल्यांदा पाण्यावर जाताना दिलेलं. फळी बसवायच्या आधी तू जेवायला गेलीस, तेव्हा तू जिथे उभी राहून सुकाणू धरशील, बरोबर त्याच्या खाली मी ते ठेवलं. तुला काही होऊ नये म्हणून. पेल्यावर विनोद करणाऱ्या शहाण्याला नाण्याच्या वेळी काही सुचलं नाही. मागे फिरून हे सगळं उस्तादना सांगितलं. ते म्हणाले, "तिची काच अजून खुंटीला आहे." होडी मी विकत नाही, आणि त्या भोकाला दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही. उद्या सगळ्या होड्या परतल्या, की धक्क्यावर नाणं हातात धरून उभा राहणार आहे. हसू देत. तू परत यावंस म्हणून हे लिहिलं नाही, तेवढं तोंड मला उरलेलं नाही. तुझा एकही जोड गळला नव्हता, एवढं तुला दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आत मला सांगायचं होतं.

तुझाच,
गळका बाबा