निळ्याचा आवाज म्हणजे मीच

१ जानेवारी

आजपासून रोजनिशी. मोठ्या कलाकारांच्या रोजनिश्या पुढे कामाला येतात. ही कोणी वाचणार नाही, पण अक्षर जरा बरं काढावं.

नोकरी सोडली. पाणी शुद्ध करायच्या मशिनच्या तक्रारी फोनवर ऐकायच्या, सहा वर्षं तेच. गेल्या महिन्यात एक आजीबाई म्हणाल्या, किती गोड आवाज आहे रे तुझा, मशिन नाही दुरुस्त झालं तरी चालेल. त्याच दुपारी राजीनामा टाइप केला. (मशिन दुरुस्त झालंच नाही. पण तो मुद्दा नाही.)

संकल्प : अ‍ॅनिमेच्या डबिंगमध्ये, म्हणजे जपानी मालिकांना मराठी आवाज देण्यात, हीरो व्हायचं. थंड पाणी बंद. रोज एक तास रियाज. अ‍ॅनिमेला कार्टून म्हणणाऱ्यांशी भांडायचं नाही, फक्त त्यांची कीव करायची.

ताईने मुदत दिली आहे. तीस जूनपर्यंत टीव्हीवर माझा आवाज ऐकू आला नाही तर मुकाट्याने परत यायचं आणि भाओजींच्या मित्राच्या ऑफिसात चिकटायचं. भाओजींनी तिथली खुर्चीसुद्धा बघून ठेवली आहे म्हणे. म्हटलं, खुशाल दुसऱ्याला बसवा.

९ जानेवारी

नवं शहर, नवी खोली. स्टुडिओपासून वीस मिनिटं चालत. चौथा मजला, एक खिडकी, खिडकीसमोर भिंत. कलाकाराला एकांत लागतो. इथे हवा तेवढा आहे, वर थोडा उरतो.

कपाटात तोंड घालून रियाज. कपडे आवाज शोषून घेतात असं वाचलं होतं. माझे शर्ट पाच, शोषण कमी पडलं. "नाही! मी हरणार नाही!" वीस वेळा. शेजारच्या काकू दार वाजवायला लागल्या. कोण मारतंय का तुम्हाला, म्हणाल्या. त्यांना कला समजावून सांगितली. चहा घेता का विचारलं. थांबल्या नाहीत.

पण आल्या तरी. इथे आल्यापासून पहिल्यांदा कोणी दार वाजवलं. उद्या जरा आणखी जोरात करून बघतो.

२२ जानेवारी

आवाजाची चाचणी. डायरेक्टरबाई कडक. काचेपलीकडे मशिनवर बसणारा इंजिनिअर, त्याला सगळे काचवाला म्हणतात. माणूस हसतमुख, जरा जास्तच.

मला मरणारा सैनिक दिला. पडद्यावर त्याचं तोंड हलेल तेवढाच वेळ बोलायचं, हा इथला नियम. मी भावनेच्या भरात पुढे बोलत राहिलो. बाई म्हणाल्या, थांबा, तो मेला. काचवाला टेबलावर डोकं टेकून हसत होता.

निवड झाली! सैनिक क्रमांक तीन. शिवाय जमाव. "पळा", "आग लागली", "राजकुमार आले". जमावात एकूण सात आवाज, त्यातले चार मी. म्हणजे बहुमत माझं.

१८ फेब्रुवारी, दुपारी २

बाईंचा फोन आला. नवी मालिका, बावन्न भाग. हीरो सोळा वर्षांचा, निळे केस, हरवलेल्या आईला शोधत हिंडतो. मी त्याला निळ्या म्हणायचं ठरवलं आहे. निळ्याचे संवाद मी बोलायचे. सगळे!

बाई पुढे म्हणाल्या, हा रफ ट्रॅक आहे बरं का. भाषांतर तोंडाच्या हालचालीवर बसतंय का ते तपासायचं असतं, म्हणून आधी कोणाकडून तरी बोलून घेतात. खरा आवाज नंतर बघू. काचवाल्याने आणखी सोपं करून सांगितलं. शिंपी आधी कच्चा टाका घालतो ना, तसं.

बाईंचा विनय बघून भरून आलं. "नंतर बघू" म्हणजे काय, एकदा माझा निळ्या ऐकल्यावर बघायचं काय उरणार आहे! आणि कच्चा टाका नीट बसला तर उसवायला कोण बसतंय?

ताईला कळवलं. हीरो झालो. रफबिफ तांत्रिक गोष्टी सांगितल्या नाहीत, उगीच तिचा गोंधळ. माझी भाची चिमी, वय सात, फोनवर किंचाळली. मामा, मी शाळेत सगळ्यांना सांगू? म्हटलं, शिक्षकांनाही सांग.

५ मार्च

डबिंगमध्ये सगळे एकेकटे बोलतात, हे मला ठाऊक नव्हतं. वाटलं होतं दहाजण गोल करून बसू, मधे चहा, थट्टामस्करी. प्रत्यक्षात आत मी एकटा, दार बंद, कानात हेडफोन. आधी बोलून गेलेल्यांचे आवाज त्यातून येतात आणि आपण उत्तर द्यायचं.

पण हीरोइनचा आवाज! पंधरा वर्षांची धनुर्धारी मुलगी. आवाज असा की पाठ ताठ होते. "तू एकटा नाहीस, मी आहे ना," असं ती म्हणते. मी म्हणायचं, "माहीत आहे." मी नऊ टेक घेतले. बाई म्हणाल्या पहिलाच ठीक होता. मी म्हटलं, मला अजून खोल जायचं आहे.

१७ मार्च

काचवाल्याकडून सरावासाठी हीरोइनचे संवाद फोनवर घेतले. जेवताना फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवतो. ती बोलते, मी उत्तर देतो. दोन अंडी, चार ब्रेड, आणि गप्पा. एकटा जेवतो असं आता कोणी म्हणू शकणार नाही.

संकल्प : थंड पाणी बंद. (आजपासून. खरोखर.)

आज रविवार असल्यामुळे तिच्याशिवाय कोणाशीच बोललो नाही. दुकानदार बोलला, पण तो "पिशवी आहे का" एवढंच. आवाजाला विश्रांती मिळाली.

२ एप्रिल

आज तिची भेट होणार होती! काचवाल्याने सांगितलं, अकराला तिचं रेकॉर्डिंग आहे. इस्त्रीचा शर्ट घातला. दहापासून कॉरिडॉरमध्ये उभा. मनात ठरवलं, ओळख करून द्यायची नाही, नुसतं निळ्याच्या आवाजात "माहीत आहे" म्हणायचं. आवाजाला आवाज ओळखतो.

साडेदहाला एक बाई आल्या. पन्नाशीच्या पुढच्या, दोरीला बांधलेला चष्मा, हातात कोथिंबीर डोकावणारी पिशवी. मला म्हणाल्या, एसी बघायला आलात का, आतला गळतोय. आवाज ऐकला आणि मी भिंतीला टेकलो. तीच!

तरीही "माहीत आहे" म्हणालो. त्या म्हणाल्या, माहीत आहे तर मग दुरुस्त करा की.

शेवटी ओळख करून दिली. माणूस प्रेमळ. म्हणाल्या, रफ करतोस होय बाळा? मीही केलं चार वर्षं. मन लावून कर, पण जीव लावू नकोस. मग पिशवीतून आल्याचा तुकडा काढून दिला, घशासाठी. चार वर्षं केलं आणि आज हीरोइन! म्हणजे ही वाट बरोबर आहे. मला चार वर्षं लागणार नाहीत, हे त्यांना वाईट वाटू नये म्हणून बोललो नाही.

जेवताना फोन तांब्याला टेकवला नाही. जरा अवघडल्यासारखं झालं.

२४ एप्रिल

सविस्तर लिहायला हवं, कारण आज माझ्या कलेतला मैलाचा दगड.

निळ्या अखेर आईच्या गावी पोचतो. घर रिकामं. तो दारात बसून रडतो. अकरा सेकंद, शब्द एकही नाही. बाई म्हणाल्या, रडा. मी रडलो. काचवाल्याने विचारलं, ही बकरी कुठून आली? सहा टेक झाले. बाईंनी दहा मिनिटांची सुट्टी दिली.

तेवढ्यात ताईचा फोन. चिमीचा वाढदिवस. बोल मामाशी, म्हणून तिने फोन स्पीकरवर टाकला, टेबलावर ठेवला, आणि केक कापायच्या गडबडीत सगळे विसरूनच गेले. मी हॅलो हॅलो करत होतो. पलीकडे भांड्यांचा आवाज, फुगे फुटतायत, आई कोणाला तरी ओरडतेय की मेणबत्त्या जपून. सगळं ऐकू येत होतं. मग भाओजी म्हणाले, ती कोपऱ्यातली त्याची खुर्ची आत नेऊन टाका रे, तेवढीच जागा होईल. कोणीतरी नेली. खुर्ची सरकल्याचा आवाज ओळखीचा होता, माझ्या खुर्चीचा एक पाय आखूड आहे.

फोन मीच बंद केला. आत गेलो. हेडफोन लावले.

अकरा सेकंदांचा सीन होता, माझं चार मिनिटं चाललं. पडद्यावर निळ्या उठून पुढच्या गावाला गेला तरी मी रडतोच आहे. कोणी थांबवलं नाही. बाहेर आलो तर काचवाला हसत नव्हता. बाईंनी पाणी दिलं, थंड. प्यालो.

हे सगळं टेक्निक आहे. पोटातून श्वास घ्यायचा, खांदे सैल सोडायचे. आता माझ्या हातात आलं आहे.

१४ मे

स्टुडिओत निळ्याचं काम चालू, आणि मी बाहेर! एक मोठे कलाकार आले आहेत. जाहिरातींत त्यांचाच आवाज असतो. आल्या आल्या सगळे उभे राहिले. मीही राहिलो. काचवाला म्हणाला, यांनी सकाळपासून पाच भाग उडवले, कारण तू टाका इतका नीट घातला होतास की त्यांना नुसती शिलाई मारायची होती.

म्हणजे शेवटी कौतुकच झालं.

माझा अंदाज : दोन्ही आवाज चॅनेलला पाठवणार आणि तुलना करणार. त्यात माझाच निवडला जाईल. कान असलेला माणूस हवा फक्त. ताईला इतक्यात काही सांगत नाही. निकाल लागल्यावर एकदमच सांगेन.

५ जून

मालिका सुरू झाली.

चॅनेलमध्ये कान असलेला माणूस नाही.

सायंकाळी चिमीचा फोन. मामा, हा तू नाहीयेस. मी म्हटलं, मशिनमधून आवाज बदलतात गं. ती म्हणाली, मग वर्गातल्यांना काय सांगू? मी म्हटलं, मशिनचं सांग. ती मग म्हणाली, बरं. सात वर्षांची आहे, पण "बरं" अगदी ताईसारखं म्हणते. लाज वाटली. लगेच पुसून टाकली.

संकल्प : तीस जूनला अजून पंचवीस दिवस आहेत. पंचवीस दिवसांत काहीही होऊ शकतं.

१३ जून

बाईंना फोन केला. मीटिंगमध्ये आहेत. काचवाल्याला केला. तो म्हणाला, नवीन काही आलं की पहिला तुलाच कळवतो. सैनिक तरी? म्हणाला, सध्या लढाया नाहीत रे.

कपाटात तोंड घालून रियाज केला. काकू आल्या नाहीत. त्यांना आता सवय झाली असावी.

२६ जून, संध्याकाळी ७

मालिका बघणं मी सोडलं आहे. तत्त्व म्हणून.

साडेसहाला ताईचा फोन आला. चिमी नाही, ताई स्वतः. म्हणाली, आत्ता तो निळ्या केसांचा मुलगा दारात बसून रडला, तो तू होतास.

मी म्हटलं, अगं, अख्खी मालिकाच... ती म्हणाली, पुरे. बाकी सगळं दुसरा कोणीतरी बोलतोय, ते मला पहिल्या दिवशीच कळलं. रडणं तुझं आहे. लहानपणी बाथरूमची कडी लावून, नळ सोडून रडायचास ना, दाराबाहेर मीच उभी असायचे.

काचवाल्याला विचारलं. खरं आहे. मोठे कलाकार रडून बघत होते, पण बाई म्हणाल्या हे राहू द्या, तो पोरगा जे रडलाय ते राहू द्या. बावन्न भागांत माझे अकरा सेकंद. मुदतीच्या चार दिवस आधी! नियमाप्रमाणे मी जिंकलो आहे. ताईला पुन्हा फोन लावून तसं बजावलं.

ती म्हणाली, हो बाबा, जिंकलास. राहा तिथेच हवं तर. पण असा कधीपासून रडतोयस? म्हटलं, टेक्निक आहे ते, पोटातून श्वास घ्यायचा. ती म्हणाली, कोणी असतं का रे तिथे तुझ्याजवळ?

म्हणणार होतो, आमचा मोठा ग्रुप आहे, रोज कोणी ना कोणी येतं. वाक्य तयार होतं. तोंड हललं, पण आवाज आला नाही. सहा महिने घसा कमावला आणि ऐन वेळी हे असं.

ती मग म्हणाली, रविवारी ये. आई वाट बघतेय, पण तुला सांगू नको म्हणाली. मी म्हटलं, डायरी बघून सांगतो, कलाकारांचं काही सांगता येत नाही.

डायरी बघितली. रविवार मोकळा आहे. सोमवारही मोकळा आहे. पुढची सगळी पानं कोरी आहेत. शनिवारीच निघतो. आवाजाला हवापालट लागतो.