चिठ्ठीच्या तळची ओळ

गुरुवार, १९ जून

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

'पत्रास कारण की' असं लिहून तीन कागद फाडले. कारण मागाहून येईल, आधी घरची खबरबात. तुझ्या आईचे गुडघे कुरकुरतात, जीभ मात्र ठणठणीत आहे. माझं ब्लडप्रेशर मी मोजत नाही. मोजलं तर औषध घ्यावं लागेल, आणि दवाखान्यात औषध काढून देणारं सध्या कोणी नाही.

रविवारच्या माझ्या सत्कारात कंपाउंडरकाका बोलणार का, असं तू विचारलं होतंस. चाळीस वर्षं दवाखाना, त्यातली सहा वर्षं नगराध्यक्षाची खुर्ची. म्हातारा आटपायच्या आत सत्कार उरकावा, असं गावाला वाटलं असावं. आज मी सत्कारच नको म्हणून कळवलं. तू मात्र तिकीट रद्द करू नकोस.

आता कारण. माझी खोड तुला ठाऊक आहे. खोकला असो की मोडलेला हात, प्रत्येक चिठ्ठीच्या तळाला मी लिहायचो, पाणी उकळून प्या. "बाबा, हात काय पाण्याने मोडला?" म्हणून तू चिडवायचीस. माझं अक्षर माझं मलाच लागत नाही, म्हणून काका खिडकीतून औषध देताना ती ओळ मोठ्याने वाचून दाखवायचे. तीस वर्षं गावाने त्यांचं ऐकून पाणी उकळलं.

फेब्रुवारीत नव्या टाकीचं उद्घाटन आठ दिवसांवर आलं होतं. सभेत एका विरोधी सदस्याने माझीच चिठ्ठी फडकवली. "पाणी एवढं चांगलं, तर हे उकळायला का सांगतात?" सगळे हसले. दुसऱ्याच दिवशी पाण्याच्या तपासणीचा अहवाल हातात पडला. मुख्य नळाच्या एका जोडातून गटाराचं पाणी आत शिरत होतं. त्याच दुपारी मी खोदकाम सुरू करायला लावलं, पण गावाला कळवलं नाही. मंत्री येणार होते, आणि जोड आठवड्यात बदलून होणार होता. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हटलं. आणि चिठ्ठीवरची ती ओळ लिहायचं थांबवलं.

"डॉक्टर, ओळ विसरलात?" काकांनी विचारलं.

"विसरलो नाही. आता पाणी चांगलं आहे," मी म्हणालो.

आपल्या घरात मात्र त्या आठ दिवसांत रोज पाणी दोन-दोनदा उकळलं. मी स्वतः उभा राहून उकळलं. तुझ्या आईने ते पाहिलं.

काकांची थोरली, तुझी ताई, तेव्हा बाळंतपणासाठी त्यांच्याकडे आली होती. आठव्या महिन्यात कावीळ झाली की काय होतं, ते तुला सांगायला नको. एप्रिलमध्ये ती गेली. बाळ तेवढं हाती लागलं. काविळीचे दिवस उलट मोजले तर त्याच आठवड्यावर येतात. खात्रीने सांगता येत नाही, असं कोणी विचारलं तर मी म्हणेन. तुला तसं म्हणणार नाही.

दहाव्या दिवशी काका कामावर आले. गोळ्या मोजता मोजता थांबायचे. एकदा म्हणाले, "मीच तिला म्हणालो होतो, पोरी, कशाला गॅस जाळतेस, डॉक्टरांनी ओळ काढलीय. मीच मारलं हो तिला."

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो, "असं मनाला लावून घेऊ नका."

ठमे, याहून नीच वाक्य मी आयुष्यात बोललो नाही. दोन महिने त्यांना त्या ओझ्याखाली राहू दिलं आणि रोज त्यांच्या हातचा चहा प्यालो.

सोमवारी ते सत्काराचं भाषण दाखवायला घेऊन आले. पहिलंच वाक्य होतं, 'डॉक्टरांनी आम्हाला कधी खोटं सांगितलं नाही.' पुढचं मला वाचवेना. मी कपाटातून अहवाल काढला आणि सगळं सांगितलं. त्यांनी तारखेवर बोट ठेवलं.

"घरी उकळत होतात?" एवढंच विचारलं.

"हो."

बाहेर तीन पेशंट बसले होते. काका खिडकीत गेले. तिघांची औषधं बांधून दिली आणि तिघांनाही मोठ्याने सांगितलं, "पाणी उकळून प्या." माझ्या चिठ्ठीवर ते नव्हतं. मग किल्ल्या टेबलावर ठेवून निघून गेले. त्यानंतर मी दोनदा त्यांच्या दारात जाऊन आलो. दार उघडलं नाही. आत बाळ रडत होतं.

आज सकाळी तो अहवाल नगरपालिकेच्या फलकावर लावला. काय दडवलं ते खाली लिहून सही केली. लोक काय म्हणायचं ते म्हणोत.

तू ये, पण घरी नंतर. आधी काकांकडे जा. तुला ते दार उघडतील. माझ्या वतीने माफी मागू नकोस, ती माझी मला मागायची आहे. तू लहान मुलांची डॉक्टर आहेस, तेवढं बाळाला तपास. महिनाभर आधी जन्मलेलं पोर आहे, आणि त्या घराला आता डॉक्टर उरलेला नाही.

तुला लिहिलेल्या प्रत्येक पत्राच्या शेवटीही मी ती ओळ लिहीत आलो. आज हात धजत नाही.

तुझे
बाबा