ग्लेनचा आवाज

रविवार, संध्याकाळ

आजही हरलो. त्याचं काही नाही, पण ग्लेन डोक्यातून जात नाही.

मी मुलुंडला, रोहन बोरिवलीला, ग्लेन अंधेरीच्या गावठाणात. दर रविवारी दुपारी आम्ही ऑनलाइन एका टीममध्ये खेळतो आणि हेडफोन लावून एका ॲपवर बोलतो. घशाचं ऑपरेशन झाल्यापासून, म्हणजे महिनाभर, ग्लेन खेळताना गप्पच असतो. आज शत्रू मागून आला, रोहन आणि मी मेलो. रोहन भडकला.

"ग्लेन, तुला दिसत होता ना तो? बोलत का नाहीस? जमत नसेल तर सोड ना यार!"

ग्लेन खेळातून बाहेर पडला. मी त्याला साधा फोन लावला.

"अगं, मी ओरडत होतो," तो म्हणाला. "मागे आहे, मागे आहे!"

आवाज बारीक, घोगरा, पण शब्द न् शब्द कळत होता. मग त्याच्या ॲपच्या सेटिंगमध्ये सापडलं, आजूबाजूचा गोंगाट गाळणारं बटण. त्या ॲपला ग्लेनचा आवाज म्हणजे पंख्याची घरघर वाटत होती! ते बंद करून त्याला परत खेळात यायला लावलं. पंखा ऐकू आला, त्याच्या आईच्या कुकरची शिट्टी आली, आणि ग्लेनही आला.

रोहन म्हणाला, "म्हणजे मागच्या रविवारीपण बोलत होतास?"

"दर रविवारी, रे."

ग्लेन उदास आहे म्हणून गप्प असतो, असं मी धरून चालले होते. महिनाभरात एकदाही त्याला विचारलं नाही.