ढिगाऱ्यासमोरचे अकरा सेकंद

आई, गेल्या आठवड्यात शाळेत पुण्याहून एक मुलगी आली होती. भूकंपावर माहितीपट करते आहे. आपल्या गावावर तेव्हा जो माहितीपट निघाला होता, त्याची मूळ टेप तिला कुठूनशी मिळाली आहे आणि त्यातल्या एका बाईचा पत्ता ती काढत होती. लॅपटॉपवर चित्र थांबवून तिनं विचारलं, सर, या कोण? तू होतीस. पडलेल्या घरासमोर, पदर ढळलेला, हात पुढे, मागून दोघांनी धरून ठेवलेली. आवाज खराब आहे, साफ करून शुक्रवारी आणते, म्हणाली. आणि या बाई कोण याची खात्री झाली नाही तर तो भाग नव्या माहितीपटात घेणार नाही, असंही म्हणाली. मी म्हणालो, विचारून सांगतो. इतिहासाचा मास्तर स्वतःच्या आईला ओळखायला मुदत मागतो, म्हणजे बघ.

खरं तर या बाबतीत मी लई चिकित्सक म्हणून बदनाम आहे. ऐतिहासिक सिनेमा लागला की मी चुका काढत बसतो. लढाई भर पावसाळ्यातली आणि घोड्यांच्या मागं ज्वारी काढणीला आलेली, असलं काही दिसलं की मला राहवत नाही. बायको आता माझ्याबरोबर सिनेमाला येत नाही. वर्गातही मी पोरांना सांगतो, पडद्यावर दिसलं म्हणून मानू नका, तिथं हजर कोण होतं ते आधी विचारा. आणि दरवर्षी भूकंपाच्या दिवशी तो जुना माहितीपट शाळेत मीच लावतो. तुझे अकरा सेकंद येतात. निवेदक सांगतो की ढिगाऱ्यात गेलेल्या मुलाला ही माता हाका मारते आहे, तो तिला कधीच सापडला नाही. तो न सापडलेला मुलगा मागं दिव्याच्या बटणापाशी उभा असतो.

तो चौथा दिवस होता. आपण शाळेच्या मैदानावर तंबूत. तुरीच्या डाळीची तीच ती खिचडी खाऊन मला गूळ हवासा झालेला. आपल्या घराचा स्वयंपाकघराचा कोपरा तेवढा उभा होता. मी वाकून आत शिरतो, चुलीमागच्या मडक्यात हात घालतो, वरून माती गळत राहते, आणि मग शेजारची भिंत बसते. वाट बुजली. बाहेर तुझा आरडाओरडा, शब्द काही कळत नाहीत. थोड्या वेळानं लोकांनी दगड सारून मला ओढून काढलं, मुठीत गूळ होता. तू थाडथाड दोन थोबाडीत दिल्यास. कॅमेरावाला तोवर पुढच्या घराकडं गेलेला, त्यामुळं त्या दोन थोबाडीत इतिहासात नाहीत. मी मात्र त्यावरूनच कायम धरून चाललो की तू रडत नव्हतीस, मला शिव्या घालत होतीस. त्या लोकांनी तुझा राग दुःख म्हणून खपवला, असं मी बायकोलासुद्धा छातीठोकपणे सांगितलेलं आहे.

मग ते पहिलं वर्षश्राद्ध. पत्र्याच्या शेडांसमोर पांढरी चादर बांधून माहितीपट दाखवला. आपल्या शेजारची मावशी तुझ्या बाजूला बसली होती. तिचा मुलगा माझ्याच वर्गातला, पहिल्याच पहाटे गेला. तिचा पाय मोडलेला, तिला जीपमध्ये घालून सोलापूरला नेलं, आणि इकडं सगळ्यांना एकत्र अग्नी दिला. महिन्यानं परत आली तेव्हा बघायला काही उरलं नव्हतं. वर्षभर ती रडली नव्हती, बायका त्याचीच काळजी करायच्या. तू पडद्यावर आलीस, निवेदक ते वाक्य बोलला, आणि मावशी तुझ्या मांडीवर कोसळली. मी दहा वर्षांचा शहाणा, मोठ्यानं म्हणालो की हे खोटं आहे, तो मुलगा मी आहे. तू मला असा चिमटा काढलास की वळ दोन दिवस होता. शेडमध्ये आल्यावर म्हणालीस, "तिला रडाया जागा न्हवती. आता गावली. तू तोंड उघडू नगंस." मी तिच्यापुढं कधी उघडलं नाही. तू गेल्यालाही बारा वर्षं झाली.

मावशी अजून दरवर्षी येते, पहिल्या रांगेत खुर्ची धरून बसते. आता शाळेत नवा माहितीपट लागणार, त्यातून तो भाग निघाला तर तिनं काय बघायचं? आणि ठेवायचा तर मी काय सांगायचं? गुरुवारी तिच्याकडं गेलो. ती सुपात हरभरे निवडत होती. मी पुण्याच्या मुलीचं सांगितलं, मग अडखळत चिमट्याचंही सांगितलं. तिनं हात थांबवला नाही.

"मला काय ठावं न्हाय व्हय रं?" ती म्हणाली. "तू जिता हायस ते रोज दिसतंयच की. तुझी माय दरसाली माझ्या बाजूला बसायची, पर पडद्यावरली ती मी हाय म्हणून एकदाबी म्हणली न्हाय. तू सांग त्या पोरीला समदं खरं. तेवढं काढू नगा म्हणावं."

शुक्रवारी मुलगी आली. मी सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात तिनं हेडफोन माझ्या कानाला लावले. निवेदक नव्हता, मागं वाजणारी बासरी नव्हती. नुसती तू. शिव्या नव्हत्याच. तू माझं नाव घेत होतीस, आणि मग, "ये रं माझ्या राजा, भाईर ये. म्या मारणार न्हाय." परत नाव. परत तेच. मी ज्याला तीस वर्षं थाप म्हणत आलो, त्यात निवेदकाचं 'कधीच सापडला नाही' तेवढं सोडलं तर सगळं खरं होतं. तिथं हजर होतो मी आणि चुकीचं सांगत होतो मीच.

मुलीला सगळं सांगितलं. तुझं, माझं, गुळाचं, मावशीचंही. ती म्हणाली, भाग राहील, निवेदन बदलू. मावशीला विचारून तिचंही बोलणं घेणार आहे. हे पत्र कुठं टाकायचं नाही, वहीतच राहील. पण एक तुला सांगून ठेवतो. ऐकल्यावर मी तिला म्हणालो, शब्द नीट लागत नाहीत, पुन्हा लाव. तिनं लावलं. मी म्हणालो, अजून एकदा. असं चार वेळा झालं आणि ती बिचारी टेप खराब आहे म्हणून माझी माफी मागत राहिली. आई, मला पहिल्याच वेळी सगळं नीट ऐकू आलं होतं.