वर्ना मावशीच्या गॅरेजला परवानगी

सोमवार, ६ मे

सिटी हॉलचं पत्र आलं. पत्र मावशीच्या नावाने, गुन्हा माझा. राहत्या वस्तीत परवानगीशिवाय धंदा चालतो अशी तक्रार आहे म्हणे. धंदा काय, तर वर्ना मावशीच्या गॅरेजमध्ये मी लोकांची गवत कापायची मशिनं दुरुस्त करतो. मे महिन्यात अख्ख्या ओहायोत गवत वेड्यासारखं वाढतं आणि मशिनं वेड्यासारखी बंद पडतात. ही समाजसेवा आहे. तक्रार समोरच्या प्रूइटची असणार. रिटायर्ड माणूस, दिवसभर पोर्चवर बसून आमच्या ड्राइव्हवेकडे बघत असतो.

मावशीने जन्मभर स्कूल बस चालवली. आवाज अजून तोच आहे. म्हणाली, क्ले, एक तर परवानगी आण, नाहीतर बॅग भर. तुझ्या आईची बहीण आहे म्हणून सांगतेय, दुसरी असती तर सांगितलंही नसतं.

अलास्कात मासे साफ केले, मोंटानात कुंपणं ठोकली, टेक्सासमध्ये काय केलं ते लिहीत नाही. कुठेच टिकावंसं वाटलं नाही. इथे वाटतंय. रस्त्यात लोक नावाने हाक मारतात. आपल्याला हे नवीन आहे.

उद्या सकाळी सिटी हॉल. किरकोळ काम.

मंगळवार, ७ मे

जमलं नाही. वाटेत एकाचा ट्रक बंद पडला होता, मागे जोडलेली मासेमारीची बोट. ट्रक चालू करून दिला. मग त्याने बोट दाखवली. मग तळं दाखवलं. सिटी हॉल इतक्या लवकर बंद होतो हे कुणीतरी आधी सांगायला हवं होतं.

बुधवार, ८ मे

झोनिंगच्या, म्हणजे कुठल्या वस्तीत काय चालेल ते ठरवणाऱ्या खात्याच्या खिडकीवर डार्लीन स्टूप्स नावाच्या बाई. कानामागे पेन्सिल, गळ्यात चष्मा, डोळ्यांवर दुसरा चष्मा. घरून धंद्याचे नियम वाचून दाखवले. बाहेर पाटी नको. नोकर नको. गिऱ्हाईक घरी यायला नको. आवाज कुंपणाबाहेर जायला नको. मी विचारलं, मग धंदा करायचा कसा? त्या म्हणाल्या, मशीन तू जाऊन आणायचं, शांतपणे दुरुस्त करायचं, नेऊन द्यायचं. एवढं लिहून दे आणि बोर्डासमोर सुनावणी होईल तिला एकटा ये, बाळा. तोंड कमी उघड.

बाई चांगल्या आहेत, पण जनतेची ताकद त्यांना ठाऊक नाही. खिडकीमागे बसून कशी कळणार?

घराचा नकाशा काढून आणायला सांगितलंय.

रविवार, १२ मे

नकाशा काढायला बसलो. घर, गॅरेज, मेपलचं झाड. झाडावर खार होती, ती काढली. खार फारच छान जमली. मग तिचं कुटुंब काढलं. मावशी म्हणाली, गॅरेज कुठाय? गॅरेजला जागा उरली नव्हती.

मंगळवार, १४ मे

दुसरा नकाशा दिला. खार एकच ठेवली. डार्लीनबाईंनी खोडरबरने ती पण काढली.

दुपारी सिटी हॉलचा माणूस आला आणि आमच्या लॉनवर भलीमोठी पिवळी पाटी ठोकून गेला: या घरी धंद्याच्या परवानगीसाठी जाहीर सुनावणी, २८ मे. म्हणजे मला पाटी लावायला बंदी, आणि सिटी हॉल स्वतः फुकटात लावून देतो! या देशाचं काही कळत नाही. पाटी वाचून संध्याकाळपर्यंत तीन नवीन गिऱ्हाइकं आली.

प्रूइट पोर्चवर बसून काहीतरी लिहीत होता.

सोमवार, २० मे

प्लॅन ठरला. सगळ्या गिऱ्हाइकांना सुनावणीला घेऊन जायचं. प्रत्येकाला बोलायला तीन मिनिटं मिळतात. प्रूइट एकटा, माझ्याकडे अर्धं गाव. पास्टर टॉलिव्हर म्हणाले, येणार म्हणजे येणार. मागच्या गल्लीतल्या मिसेस डोम्ब्रोव्स्की म्हणाल्या, मी केक पण आणते.

डार्लीनबाईंना फोन करून सांगितलं. पलीकडे पेन्सिल खाली पडल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, अरे देवा. भारावून गेल्या असणार.

मावशी म्हणाली, तुला खात्री आहे? मी म्हणालो, शंभर टक्के. ती म्हणाली, म्हणूनच विचारलं.

मंगळवार, २८ मे

हॉल भरला. लोक भिंतीला टेकून उभे. बोर्डाच्या अध्यक्षा मिसेस लिंडक्विस्ट मला म्हणाल्या, घरी गिऱ्हाईक येतं का? मी डार्लीनबाईंकडे बघितलं. त्यांनी नाही म्हणून मान हलवली. मी म्हणालो, नाही मॅडम. मशिनं मीच आणतो, मीच पोचवतो. उत्तर बरोबर होतं. तिथेच थांबायला हवं होतं.

पण पास्टर उठले. म्हणाले, मी दर शनिवारी या मुलाकडे जातो. पाच-सहा गाड्या आधीच असतात, पण रांग भराभर पुढे सरकते. प्रार्थनेलासुद्धा एवढे लोक येत नाहीत! सगळे हसले. अध्यक्षांनी काहीतरी टिपून घेतलं.

मिसेस डोम्ब्रोव्स्की म्हणाल्या, पोरगा कामसू आहे हो. सकाळी सातपासून त्याची मशिनं माझ्या किचनमध्ये ऐकू येतात, रेडिओ लावायची गरजच नाही.

मी हातवारे केले. त्यांना वाटलं, अजून बोला म्हणतोय. त्या अजून बोलल्या. पार्किंग मिळालं नाही तर तो आमच्या बाजूला लावायला सांगतो, स्वभावाने इतका मोकळा!

शेवटी प्रूइटची पाळी. उठला. हातातले कागद बघितले, हॉल बघितला, कागदांची घडी घातली. म्हणाला, माझं सगळं या लोकांनीच सांगून टाकलंय. आणि बसला.

परवानगी नाकारली. पाच विरुद्ध शून्य. लोकांनी मला मिठ्या मारल्या, म्हणाले आम्ही आमच्याकडून होईल तेवढं केलं. ते खरंच होतं. केक चांगला होता. बोर्डानेही खाल्ला.

बुधवार, २९ मे

सिटी हॉलचा हुकूम: गॅरेज रिकामं करा. सगळे आपापलं मशीन न्यायला आले. गाड्यांची रांग पार चौकापर्यंत. एवढी गर्दी धंदा चालू असताना कधीच नव्हती. प्रूइटने खुर्ची पुढे ओढून घेतली.

निर्णयावर अपील करणार. उद्यापासून कायद्याचा अभ्यास.

शनिवार, १ जून

कायद्याची लायब्ररी सापडली नाही, बोलिंग अ‍ॅली सापडली.

मावशी ओरडली नाही. ती ओरडली नाही की जास्त वाईट वाटतं. म्हणाली, बॅग भर, क्ले, संध्याकाळच्या बसचं तिकीट काढलंय. पण जाण्याआधी लॉन कापून जा, महिनाभर हात लावला नाहीस.

गॅरेजमध्ये एकही मशीन नाही. मावशीचं होतं, त्याचे पार्ट मी मार्चमध्येच पास्टरांच्या मशीनला बसवले. शेवटी रस्ता ओलांडून प्रूइटकडे गेलो. तो आत जाऊन मशीन घेऊन आला. बॅटरीवालं. दोरी नाही, पेट्रोल नाही, प्लग नाही. बटण दाबलं की चालू, आवाज जेमतेम पंख्याएवढा. त्यात दुरुस्त करण्यासारखं काय असतं ते शोधत बराच वेळ उलटंपालटं केलं. काही सापडलं नाही.

अख्खं लॉन कापलं. कडा, झाडाखालचं, सगळं. असं नीट काम मी इथे कधीच केलं नव्हतं. मशीन पुसत होतो तेवढ्यात किचनच्या खिडकीतून मावशी ओरडली, अरे, बस निघून जाईल! गवत कापायला सुरुवात कधी करणारेस?