बारा बरण्या, बारा चाचेबाया

तीर्थरूप ताईस,

धाकटीचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग फक्त कागदावर. प्रत्यक्ष घालायला गुडघ्यांनी केव्हाच नकार दिलाय.) तुझी कंबर कशी आहे, चष्म्याची काडी बदललीस का, आणि मुख्य म्हणजे जेवतेस काय? फोनवर विचारलं की दर वेळी "एकटीसाठी कुठे फोडणी घालत बसू" म्हणतेस आणि विषय बदलतेस. आम्ही दोघं ठीक. ह्यांच्या बोटांत लसणाचा वास इतका मुरलाय की वाचनालयात हे शिरले की आख्खं बाक रिकामं होतं. पण खरं सांगू, लसूण सोलायला निवृत्त नवऱ्यासारखं दुसरं यंत्र नाही.

पत्रास कारण की, माझ्या हातून एक घोळ झालाय, आणि दुसऱ्या कुणी तुझे कान भरण्याआधी मीच सांगून टाकते. गेल्या वर्षी कपाट आवरताना तू तुझी चाचेबायांची फाइल रद्दीत टाकलीस ना? (जन्मभर मुलींना इतिहास शिकवलास, वर अकरा वर्षं खपून समुद्रावरच्या या लुटारू बाया शोधून काढल्यास, आणि भावोजी गेल्यावर दोन मिनिटांत सगळ्यांना सुतळीने बांधून मोकळी झालीस.) मी म्हटलं, मी नेते, बरण्या गुंडाळायला होतील. तू म्हणालीस, ने बाई, तेवढाच उपयोग. तर ती फाइल माझ्या टेबलावर, तिच्या शेजारी मसाल्याच्या नव्या लेबलांचा मजकूर, आणि छापखान्यात पाकीट देण्याची घाई. व्हायचं ते झालं.

मसाला आपला नेहमीचाच. लसणाचे काप बदामी होईपर्यंत तळायचे, मग लाल मिरची नि मीठ घालून खलबत्त्यात जाडसर कुटायचं. (मिक्सरला हात लावलास तर बहीण म्हणून नाव टाकीन.) बरणी पुढून नेहमीसारखीच दिसते. पण मागे, जिथे 'भाजीवर, अंड्यावर भुरभुरा' असं हवं, तिथे तुझ्या बाया! आणि आमचा छापखानेवाला असा काटेकोर की हाती पडलेलं एक अक्षर गाळायचा नाही. त्यामुळे एका बरणीवर आलं, 'हिच्या हुकमात शेकडो जहाजं होती आणि हुकूम मोडणाऱ्याचं डोकं धडावर राहत नसे. ओला चमचा घालू नये.' दुसरीवर, 'पुरुष खाली लपून बसले आणि वर ही नि हिची मैत्रीण दोघीच लढत राहिल्या. जास्त खाल्ल्यास छातीत जळजळ होईल.' वर कहर म्हणजे प्रत्येकीच्या खाली भावोजींचं पेन्सिलीतलं "पुढे?" तेसुद्धा जसंच्या तसं. (तू पान लिहून ठेवायचीस, ते चहा पिता पिता वाचायचे आणि खाली "पुढे?" लिहून मुकाट्याने तुझ्या टेबलावर ठेवायचे. किती हसायचो गं आपण त्यांना!)

मी कपाळावर हात मारला. हे म्हणाले, निदान ते "पुढे?" तरी खरवडून काढू. दोघं सुऱ्या घेऊन बसलो, पण एक खोकं तोवर दुकानात गेलं होतं. त्यातली एक बरणी पलीकडच्या गल्लीतल्या दातांच्या डॉक्टरणीने नेली. (तिने जन्मात लसूण खाल्ला नव्हता. दिवसभर लोकांच्या तोंडाशी तोंड, कसा खाणार?) तिसऱ्या दिवशी बाई माझ्या दारात. "पुढे?" वाचून तिला वाटलं, पुढची गोष्ट पुढच्या बरणीवर असणार! आम्ही सुऱ्या खाली ठेवल्या. आता तिच्या दवाखान्यात बाकाशेजारी बरण्यांची रांग आहे, आणि नंबर आला तरी लोक उठत नाहीत. गाल टम्म सुजलेल्या एका माणसाने तिला हाताने थांबवलं म्हणे, हिचं जहाज सुटतंय का तेवढं बघू द्या. हे ऐकून मी पोटभर हसले आणि मग रडले. लसणाने डोळ्यांत पाणी येत नाही, म्हणून ह्यांना मिरचीचं नाव सांगितलं.

ताई, वडिलांनी जहाजावर न्यावं म्हणून केस कापून उभी राहिलेली ती पोरगी आठवते? केस दोरखंडात अडकतील म्हणाले होते ना तिला. लहानपणी अंधाराला घाबरले की तू मला तिचीच गोष्ट सांगायचीस. ती ऐकून मी माझी वेणी कापली आणि मार तू खाल्लास. अशी तू, आणि हल्ली फोनवर इतकी हळू बोलतेस की मला भीती वाटते. खरंच वाटते. भावोजी गेले, त्यांच्यामागे तूही थोडी थोडी चालली आहेस असं वाटतं, आणि मला ते चालणार नाही.

इकडची काळजी करू नकोस. आपली कर.

तुझी,
वेणी पुन्हा वाढलेली धाकटी

ता. क. सोबत एक बरणी आहे. एकटीसाठी फोडणी घालवत नाही ना? नको घालूस. हा नुसता भुरभुरायचा असतो. सबब संपली.

ता. क. २ छापखानेवाल्याला नावं ठेवू नकोस. त्याने तीनदा विचारलं, बाई, हे खरंच छापायचं? मी तीनदा हो म्हटलं. "पुढे?" तेवढं त्याने आपल्या मनाने ठेवलं. म्हणाला, कुणीतरी इतक्या मायेने लिहिलंय, मी कोण काढणारा?

ता. क. ३ बारा जणी संपल्या आणि डॉक्टरीण तेरावी मागतेय. तेरावं पान मी छापायला दिलं नाही, ते बरणीभोवती गुंडाळून पाठवलंय. त्यावर तुझी एवढीच ओळ आहे: 'राजाने नवऱ्याला मारलं तेव्हा तिने होतं नव्हतं ते विकलं, तीन जहाजं घेतली, ती काळी रंगवली, आणि'. तिथेच तुला इस्पितळातून फोन आला होता. या एकाच पानाखाली भावोजींचं काही नाही. त्यांची पेन्सिल मात्र फाइलीत तशीच अडकलेली होती, म्हणून मीच लिहिलंय. पुढे?