नव्या हेडफोनची वाट

ती. अक्कास,

धाकट्या गुरुशांतचा थेट मंगळवेढ्यापर्यंत वाकून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? यंदा ज्वारी चांगली भरली असं तुझी भावजय महानंदा सांगत होती. (फोनवर तू हल्ली फारच हळू बोलतेस, म्हणून पत्र लिहितोय. तब्येत जप.)

उभं आयुष्य मी टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमागांच्या खडखडाटात काढलं, हे तुला ठाऊकच आहे. निवृत्त झालो, माग तिथंच राहिले, पण खडखडाट माझ्याबरोबर घरी आला. कानात सारखा चालूच. अशात नवी पेठेत चनमल्लप्पाच्या दुकानात एक भारीतला हेडफोन लावून पाहिला. अक्का, काय सांगू! पंखा गेला, रिक्षा गेल्या, समोर बोलणारा चनमल्लप्पाही गेला, नुसते ओठ हलत होते. राहिला तो फक्त माझा माग, आणि तो आधीपेक्षा जोरात. तक्रार केली तर चनमल्लप्पा कानाशी येऊन ओरडला, "काका, थांबा की जरा! नवीन मॉडेल येतंय. त्यात आतला आवाजबी बंद!"

तेव्हापासून वाट पाहतोय. पुढच्या आठवड्यात, पुढच्या आठवड्यात म्हणता म्हणता पाडवा गेला. मला लांबून पाहिलं की चनमल्लप्पा आधीच नकाराची मान हलवतो. घरी मी मोबाईलवर त्या मॉडेलची चित्रं बघत बसतो (काळा घ्यावा की चंदेरी, हे अजून ठरत नाही). महानंदाला हे सगळं तिच्याविरुद्धचं कारस्थान वाटतं. "माजं बोलणं नको झालंय तुमाला," असं म्हणाली म्हणे. मी "दोन भाकरी पुरे" असं उत्तर दिलं. त्यावर तिने माझ्याशी बोलणंच सोडलं. खरं सांगतो, हे माझ्या लवकर लक्षात आलं नाही.

गेल्या सोमवारी मात्र ती आपणहून कानाशी आली. "अवो, चला. आलाय तुमचा नवा हेडफोन." मी इस्त्रीचा सदरा घातला. रिक्षा नवी पेठेकडे न वळता होटगी रस्त्याला लागली. म्हटलं, मोठं दुकान असेल. तिथं पायल नावाच्या गोड मुलीने मला काचेच्या खोलीत बसवलं (चनमल्लप्पाकडे गिऱ्हाईकाला एवढा मान नाही), दार लावलं आणि असा दणकट हेडफोन चढवला की मी डोळेच मिटले. शांत! मधूनच कुठंतरी बारीक टिंग व्हायचं, तेवढं सोडलं तर उत्तम माल. हातात एक बटनही दिलं होतं. आवाज वाढवायचं असेल म्हणून मी ते दाबलं नाही. शेवटी पायलने दार उघडलं. मी म्हणालो, "पसंत आहे. काळ्या रंगात द्या."

महानंदा काचेपलीकडे पदराने डोळे पुसत होती.

तो कानाचा दवाखाना होता, अक्का. टिंग ऐकू आलं की बटन दाबायचं होतं, आणि टिंग म्हणे सारखंच होत होतं. पायलने कानामागे बसणारं शेंगदाण्याएवढं मशीन दिलं, काही दिवस वापरून बघा म्हणाली. मी घरी येऊन ते कपाटात टाकलं. महानंदाला स्पष्ट सांगितलं, मी म्हातारा झालेलो नाही, मी नव्या मॉडेलची वाट पाहतोय. तिने ताट वाढलं आणि पाठमोरी बसून राहिली. तू थोरली आहेस, तिला चार शब्द सुनाव. नवऱ्याला असं फसवून नेतात का?

तुझा,
गुरुशांत

ता.क. सुनावू नकोस. मशीन कपाटात नाही. परवापासून कानात आहे, वर कानटोपी आहे. (भर उन्हाळ्यात कानटोपी का, असं तिने विचारलं. मी ऐकू न आल्यासारखं केलं.) माग जरा मंदावलाय. भाकरी थापताना ती गुणगुणते, हे तुला माहीत होतं?

पुन्हा ता.क. खरं काम आता लिहितो. काल दुपारी ती तुला फोनवर माझ्याविषयी सांगत होती, माझ्याच समोर बसून. आधी माझा भरपूर उद्धार झाला, तो सगळा ऐकला. मग म्हणाली, "पर माणूस लई चांगला हाय वो वन्सं. माजा आवाज त्यास्नी ऐकू येईना, ह्येचंच वाईट वाटतंय." एवढ्या वर्षांत माझ्या तोंडावर असं कधी बोलली नाही. (की बोलली होती?) तेव्हा मला ऐकू येतंय हे तिला इतक्यात सांगू नकोस. आणि पुन्हा तिचा फोन आला की माझा विषय तूच काढ.